येळवशीला घरीच : आजारी मांजर आणि अडलेलं नववं प्रकरण

कोरडवाहू | शुक्रवार, दुपारी १२:१०

आज अख्खं लातूर शेतात आहे. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. लातूर, धाराशिव आणि शेजारच्या बीड-नांदेडच्या काही भागांत माणसं या दिवशी शेतावर जातात, कडब्याची कोप करतात, कोपीत पाच पांडव मांडून पूजा करतात आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवतात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आग्रहानं आपल्या शेतात नेतं. त्यामुळे शहर ओस पडतं. आमच्या गल्लीतून सकाळी नवानंतर एकही गाडी गेलेली नाही. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या गंजगोलाईत आज म्हणे क्रिकेट खेळता येईल.

घरचे औशाकडे गेलेत. शनिवार-रविवार जोडून आल्यामुळे तिकडेच राहणार आहेत. मी मागे राहिलेय, कारण मिरज आजारी आहे.

मिरज ही मांजर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच दिवसांत आमच्या गल्लीत टँकरच्या चाकाशी हे पिल्लू सापडलं. नाव शोधावं लागलं नाही. (मिरजकरांनी राग मानू नये.) अलीकडे ती वाटीतलं पाणी संपवून बादलीकडे आणि बादलीकडून कुंडीकडे जायला लागली. वजन उतरलं, तोंडाला वास यायला लागला. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) ३.४ आलं. किडनीचा जुनाट आजार, तिसरी पायरी. डॉक्टरांनी तीन दिवस घरीच कातडीखाली सलाइन द्यायला सांगितलंय, रोज १०० मिली. एकदा स्वतः देऊन दाखवलंय. सोमवारी परत बोलावलंय.

आता दुसरी गोष्ट. हातात एक कादंबरी आहे. तिचं नववं प्रकरण २९ सप्टेंबर १९९३च्या संध्याकाळचं. किल्लारीच्या बाजूचं एक गाव, गणपती विसर्जनाची रात्र, माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा वाडा. वाड्यात एक मांजर आहे. माझ्या संपादकांचं म्हणणं असं, की या मांजरीनं त्या संध्याकाळी बेचैन व्हावं, एकेक पिल्लू तोंडात धरून वाड्याबाहेर न्यावं, म्हणजे वाचकाला पहाटेच्या भूकंपाची चाहूल लागेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाहीये. घर तीन दिवस रिकामं आहे तर हे प्रकरण उरकून टाकू असा बेत होता. सकाळपासून एक परिच्छेद झालाय. टेबलाखाली खरी मांजर पडलेली असताना कागदावरच्या मांजरीला कामाला जुंपणं जमत नाही.

दोन्हींबद्दल बोला. सलाइनचा अनुभव असलेल्यांनी आधी.

मांजराकाठ | शुक्रवार, दुपारी १२:५५

ताई, कोपीतून लिहूलालोय, रेंज येत-जात हाय. भज्जी हाणून सगळे आडवे झालेत. नाव लई आवडलं. नावानं मिरज अन् पाणी प्यायला लातूर! आमच्या आजीकडं कणगीखाली कायम एक मांजर असायची. म्हातारी झाली की घर सोडून जायची अन् परत यायची नाही. आजी म्हणायची, मांजर आपलं मरण कुणाला दाखवत नाही. तुमची घरातच बसलीय, म्हंजी बरी होणार बगा.

जनावरांचा_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी १:४०

मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. नोकरीत गाई-म्हशीच जास्त, पण मांजरंही येतात. तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय, मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं वरचं धरा.

मांजराकाठ, आजींनी पाहिलं ते खरं आहे. आजारी मांजर आडोसा धरते, कारण तिलाही शत्रू असतात. आडोशाला गेलेली तिथेच मरते, म्हणून परतत नाही. पण घरात बसली म्हणजे बरी होणार, असं त्यातून निघत नाही. हा आजार बरा होत नाही. लवकर सापडला आणि नीट सांभाळला तर काही मांजरं पुढे बरीच वर्षं काढतात, एवढं मात्र खरं.

पाण्याचं कारण सांगतो. पाळीव मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले. त्यांची किडनी पाणी वाचवण्यात पटाईत, लघवी थोडी आणि दाट. किडनी थकली की पहिल्यांदा हेच कौशल्य जातं. पातळ लघवी भरपूर होते आणि ते पाणी भरून काढायला मांजर सारखं पितं. म्हणजे जास्त पिऊनही ती आतून कोरडीच असते. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत साधारण पाऊण काम थांबलेलं असतं. २.९ ते ५.० ही तिसरी पायरी, त्याच्यावर चौथी.

सलाइन देताना: बाटली रिंगर लॅक्टेटचीच आहे ना, ते वाचून घ्या. डेक्स्ट्रोजची बाटली दिसायला तशीच असते, ती कातडीखाली द्यायची नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊन करा. या थंडीत गार पाणी कातडीखाली गेलं तर ती परत हातात येणार नाही. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करा, सुई पाठीला समांतर घाला. दर वेळी नवी सुई. पाण्याचा फुगा खांद्यावरून पायाकडे ओघळतो, घाबरू नका, काही तासांत जिरतो. झोपेत श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या आत हवेत. वाढले तर सलाइन थांबवून डॉक्टरांना फोन करा, हृदयाला पाणी जास्त होत असू शकतं.

आणि घरातली कुठलीही दुखण्या-तापाची गोळी नको. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. ते औषध निष्प्रभ करण्याची यंत्रणा तिच्या यकृतात जवळजवळ नसतेच.

कादंबरीबद्दल मला कळत नाही, पण वाचतोय.

वाचनवेडी_धाराशिव | शुक्रवार, दुपारी ३:०५

मी सलाइनबद्दल काही सांगू शकत नाही, मांजरीबद्दल सांगते. चाहूल कुणाला द्यायची आहे? मी सास्तूरच्या जवळची. तुमच्या पानावर २९ सप्टेंबर १९९३ ही तारीख दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. पुढचे आठ-दहा तास काय आहेत हे मला माहीत आहे आणि वाड्यातल्या माणसांना माहीत नाही. याहून मोठी चाहूल कुठली मांजर देणार आहे? त्या रात्री माणसं मिरवणुकीतून दमून आली, कुणी भाकरी खाल्ली, कुणी न खाताच झोपलं. तेवढं लिहा. मांजरीनं पिल्लं बाहेर नेली तर मला वाटेल, लेखिकेला माझ्यावर भरवसा नाही.

प्रूफवाला | शुक्रवार, दुपारी ४:२०

वरचा मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. मी छपाईच्या धंद्यात आहे, पुस्तकं कोण घेतं ते रोज बघतो. आज पंचविशीत असलेला वाचक भूकंपानंतर जन्मलेला आहे. नाशिकच्या मुलीला ही तारीख नुसती तारीख आहे. तिच्यासाठी काहीतरी हलायला हवं. संपादक वेडे नसतात. आणि गोष्टीत जनावर आलं की त्याला काम द्यायचंच असतं, ही आपली जुनीच रीत आहे. आडवं जाणारं मांजर, टिटवीचं ओरडणं, कुत्र्याचं रडणं, सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

पुण्यातला_लातूरकर | शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

प्रूफवाला, कुत्र्यांबद्दल बोलूच या. आमच्या गावात आजही सगळे सांगतात की त्या रात्री कुत्री रडत होती. मी तेव्हा नववीत होतो. कुत्री रडत होती हे खरंय. ती रोजच रडायची. त्या रात्रीचं रडणं लक्षात राहिलं, कारण पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शेजारचं मांजर कोनाड्यात झोपलेलं होतं आणि सकाळी ढिगाऱ्याखालून काढलं. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

अवांतर: येळवशीला पुण्यात बसून चटणी-पोळी खाणाऱ्यांच्या दुःखावर पण कुणी धागा काढा.

मांजराकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

भाऊ, पुढल्या वर्षी या. आंबीलीची बिंदगी तुमच्यासाठी राखून ठेवतो.

कोरडवाहू | शुक्रवार, रात्री ८:३५

पहिलं सलाइन झालं. कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला बाटली टांगली. दोन माणसांचं काम एकटीनं करायचं म्हणून मिरजला वाकळीत गुंडाळलं, डोकं बाहेर. पहिल्यांदा सुई कातडीच्या आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर. दुसऱ्यांदा जमलं. ती ओरडली नाही. सबंध वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती, बँकेत नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. आता डाव्या पायाजवळ लिंबाएवढा फुगा घेऊन फिरतेय. श्वास चोवीस.

पुण्यातला_लातूरकर, तुमचं कोनाड्यातलं मांजर डोक्यातून जात नाहीये.

वाचनवेडी, तुम्ही म्हणता ते मी संपादकांना जसंच्या तसं कळवणार आहे. प्रूफवाला, नाशिकच्या मुलीचा विचार मलाही करावा लागेल, पण तिला चाहूल देण्यासाठी मांजरच का? ती भिंतींकडे बघू शकत नाही का? त्या वाड्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, दगड आणि चिखलाच्या. वर माळवदावर मातीचा थर, गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची. घर थंड राहावं म्हणून केलेली गोष्ट. पाचव्या प्रकरणात एक म्हातारा माळवदावर पाट्याच्या पाट्या माती चढवतो. ज्याला भिंती वाचता येतात त्याला तिथेच कळेल.

काळी_माती | शुक्रवार, रात्री ९:१५

वाचून हसावं का रडावं कळेना. यंदा पावसानं सोयाबीन शेतातच कुजवलं, जे हाती आलं त्याला भाव नाही, अन् इथं मांजराला सलाइन चढवायलेत. चढवा. पण मग त्याच हातानं गावाच्या दुःखावर कादंबऱ्या लिहू नका. आमच्याकडं माणसाला सलाइन लावायला तालुक्याला जावं लागतं.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री १०:०५

भाऊ, शेती मी बी करतो. २०२२ला लम्पी आली तवा माझ्या खोंडाच्या अंगावर गाठी उठल्या. रात्र-रात्र गोठ्यात बसून हळद-तेल लावलं, डॉक्टर बोलावले, उसनवारी केली. पाहुणे म्हणले, जनावरच हाय, कामून जीव काढूलालास. मी कुणाचं सोयाबीन हिसकून घेऊन बसलो नव्हतो. ताई बी नाही.

कोरडवाहू | शुक्रवार, रात्री १०:२०

काळी_माती, तुमचा राग खोटा नाही आणि मी त्याला उत्तर देणार नाही. एवढंच सांगते, बाटली शंभराच्या आत येते. बाकी खर्च माझ्या बसून राहण्याचा आहे.

अभ्यासू_बोका | शनिवार, सकाळी ७:५०

सुई जिथे घातली त्या सैल कातडीवरून आठवलं. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले. वडकलै पंथ म्हणतो, जीवानं माकडाच्या पिल्लासारखं असावं. आई उडी मारते, पण पिल्लानं स्वतः घट्ट धरायचं. तेंकलै पंथ म्हणतो, मांजरीच्या पिल्लासारखं. त्यानं काहीच करायचं नाही, आई मानेच्या कातडीला धरून नेईल तिकडे जायचं. मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय. मिरज कुठल्या पंथाची?

कोरडवाहू | शनिवार, सकाळी ८:१५

पुराव्यादाखल माझ्या मनगटावरचे ओरखडे. मिरज वडकलै.

पण एक काळजी आहे. काल रात्रीपासून काहीच खाल्लं नाही. किडनीच्या आजाराचं खास खाद्य आणलंय, त्याला तोंड लावत नाही. वास घेते, ओठ चाटते, मान फिरवते. थोडं दूध देऊ का? शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या की ताकात भाकरी कुस्करून द्या. माझ्या बहिणीचं म्हणणं मध चाटवा.

जनावरांचा_डॉक्टर | शनिवार, सकाळी ९:००

तिन्ही नको. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही, जुलाब झाले तर कालचं सलाइन वाया. ताकात मीठ असेल. आणि मधाचं म्हणाल तर मांजराला गोड चवच कळत नाही, ती ओळखणारं जनुक तिच्यात बिघडलेलं असतं. आपण लाडानं पेढा देतो, ती त्यातला स्निग्धांश खाते.

वास घेऊन ओठ चाटून मान फिरवणं ही भूक नसल्याची खूण नाही, मळमळीची आहे. खावंसं वाटतंय पण पोटात ढवळतंय. डॉक्टरांना फोन करून उलटी थांबवणारं औषध विचारा, चालत असेल तर आजच सुरू करा. तोंडात व्रण आहेत का ते बघा, रक्तात युरिया वाढला की होतात. सध्या पथ्याचं खाद्य बाजूला ठेवा. मळमळत असताना जे पुढे केलं त्याचा मांजर कायमचा राग धरतं, मग महिन्यानंतरही शिवणार नाही. चिकन नुसतं पाण्यात उकडा, मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. कोमट असतानाच द्या, मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. पसरट ताटली घ्या, खोल वाटीत मिशा टेकतात ते तिला आवडत नाही.

दोन दिवसांवर उपाशी राहू देऊ नका. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि तो दुसराच आजार उभा राहतो. पथ्यापेक्षा पोटात काहीतरी जाणं सध्या महत्त्वाचं.

काळी_माती | शनिवार, सकाळी ९:४०

माझं मत बदललेलं नाही. पण सुई कितीची घेतली ते बघा. २२ची असंल तर १०० मिली जायला लई वेळ लागतो, तितका वेळ जनावर थांबत नाही. १८ नाही तर २०ची घ्या. वासराला दिलंय म्हणून सांगायलोय.

जनावरांचा_डॉक्टर | शनिवार, सकाळी ९:५५

बरोबर. जाड सुई जास्त दुखेल असं वाटतं, पण लवकर आटपतं ते बरं.

कोरडवाहू | शनिवार, दुपारी ३:३०

२२ची होती. औषधांची दोन दुकानं बंद, तिसरं उघडं, तिथून २०ची आणली. धन्यवाद, दोघांनाही. डॉक्टरांशी बोलून मळमळीचं औषध दिलं. दुपारी चिकनचे बारीक तुकडे ताटलीत ठेवून मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत गेले, कारण समोर बसून बघितलं की ती खात नाही. मलाही कुणी बघत बसलं की लिहिता येत नाही, त्यामुळे हे मला समजतं. ताटलीतले निम्मे तुकडे गेले होते.

मग बसून लिहिलं. दीड पान. मांजर नसलेलं.

प्रूफवाला | शनिवार, संध्याकाळी ६:००

मांजर काढूनच टाकली? हा उपाय नाही झाला. आठ प्रकरणं वाड्यात वावरणारी मांजर नवव्यात गायब झाली तर वाचक विचारणारच. आणि न दिसण्यातूनही तीच चाहूल येते, उलट जास्त. मांजर निघून गेली, अरे देवा!

वाचनवेडी_धाराशिव | शनिवार, संध्याकाळी ६:२५

हे मात्र खरंय.

कोरडवाहू | शनिवार, संध्याकाळी ६:४०

खरंच आहे. पकडलंत.

पुण्यातला_लातूरकर | शनिवार, रात्री ९:३०

मला वाटतं अडचण मांजरीची नाहीच. आपण जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं मानतो, त्यात आपल्याला बरं वाटतं. कुणाला तरी कळत होतं, म्हणजे ती रात्र अगदीच आंधळी नव्हती. माझी आई अजून म्हणते, गाय दावं तोडायला बघत होती, आपण लक्ष दिलं नाही. तीस वर्षं ती हे मनाला लावून घेतेय. गाय गाभण होती, विसर्जनाच्या ढोलांनी बिथरली होती, एवढंच. तुमच्या मांजरीनं पिल्लं हलवली तर माझ्या आईसारख्या प्रत्येक बाईला पुन्हा वाटेल की सांगणारं कुणीतरी होतं आणि आपणच ऐकलं नाही.

कोरडवाहू | शनिवार, रात्री ११:५०

हे मी दोन दिवस शोधत होते. संपादकांना हेच सांगायचं होतं आणि सापडत नव्हतं. तुमच्या आईंचा उल्लेख न करता कळवू का?

पुण्यातला_लातूरकर | रविवार, सकाळी ६:४५

उल्लेख करून कळवा. तिला आवडेल. फक्त नाव नको.

कोरडवाहू | रविवार, सकाळी ११:१५

दुसरं आणि तिसरं सलाइन (तिसरं आत्ताच) नीट झालं. वजन केलं, आधी मी एकटी काट्यावर, मग तिला घेऊन. वजाबाकी २ किलो ९००. काट्याला शंभर ग्रॅमच्या खालचं कळत नाही, त्यामुळे फार भरवसा नाही. सकाळी स्वतःहून ओट्याखाली आली, म्हणजे चिकन शिजतंय हे तिला कळलं. अंग चाटायला लागलीय, पाठीपर्यंत पोचत नाही तिथे सोडून देते. वाळूच्या ट्रेमध्ये गोळे मोजले, ओल्याचं प्रमाण तेवढंच.

डॉक्टर, जे विचारायला जीभ रेटत नाही ते विचारते. पुढे कधी, थांबायची वेळ झाली हे कसं कळतं? आमच्याकडे यावर बोलायचीच सोय नाही. मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे ऐकत मोठे झालो. आईला नुसतं सुचवलं तर ती कानावर हात ठेवते.

जनावरांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी १२:३०

विचारलंत ते बरं केलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत आणि मग शेवटचे आठ दिवस जनावराचे हाल होतात. सोन्याच्या मांजराची धास्ती घरोघरी आहे. माझ्याकडे लोक येतात ते सुटका द्या म्हणायला नाही, तर तुम्हीच ठरवा म्हणायला, म्हणजे पाप डॉक्टरच्या माथी.

आज तो प्रश्न नाही. खातेय, अंग चाटतेय, ओट्यापाशी येतेय. मी तीन-चार गोष्टी बघायला सांगतो: स्वतःहून खाते का, ट्रेपर्यंत जाते का, अंग चाटते का, तिची जी रोजची खास खोड आहे ती करते का. खोड प्रत्येकीची वेगळी. एकीची दारात बसून दूधवाल्याची वाट बघण्याची होती, ते तिनं सोडलं तेव्हा घरच्यांना कळलं. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली करा. फुल्या जास्त व्हायला लागल्या की माझ्यासारख्याला फोन करा. मनानं आठवू नका, मन शेवटचा चांगला दिवसच धरून बसतं.

लगेच धावायच्या खुणा: मान छातीकडे झुकून वर न उचलणं (पोटॅशियम उतरलेलं असतं), एकाएकी भिंतीवर आपटायला लागणं (रक्तदाब वाढून दृष्टी जाते), दिवसभर लघवी न होणं.

अभ्यासू_बोका | रविवार, दुपारी १:१०

काशीच्या दंतकथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. षष्ठीदेवीचं, म्हणजे नवजात बाळाची राखण करणाऱ्या देवीचं, वाहन मांजर आहे. बाळंतिणीच्या खोलीतून मांजर हाकलणारे आपण आणि तिच्यावर देवीला बसवणारेही आपणच.

मांजराकाठ | रविवार, दुपारी २:००

कॅलेंडर तर सलाइनसाठी काढलंय ताईंनी! दुसरा खिळा ठोका. आमी संध्याकाळी शहरात येऊलालोत, उरलेली भज्जी अन् उंडे आणून देतो, पत्ता खाजगी निरोपात धाडा. मांजराला नाही, तुम्हाला. तुमी तीन दिवस काय खाल्लं ते कुणी इचारलंच नाही.

कोरडवाहू | रविवार, दुपारी २:१५

मिरजचं उरलेलं चिकन. मीठ नसलेलं. भज्जी आणाच.

कोरडवाहू | रविवार, रात्री १०:४०

भज्जी पोचली. शिळी भज्जी ताजीपेक्षा चांगली लागते यावर वाद घालायचा असेल त्यानं वेगळा धागा काढावा.

प्रकरण झालं. प्रूफवाल्यांचं ऐकून मांजर परत आणलीय. विसर्जनाहून आलेली सून दमलेली आहे, चूल विझलीय. मांजर तिच्या पायात घोटाळते, ती वैतागून तिला पायानंच बाजूला सारते, मग शिंकाळ्यावरून दूध काढून त्यात भाकरी कुस्करते. मांजर खाते आणि कोनाड्यात जाऊन झोपते. मांजरीला काहीही कळलेलं नाही. पिल्लं रद्द, ती आठव्या प्रकरणापर्यंत नव्हतीच. संपादकांना पाठवलंय, त्यांचं उत्तर येईल ते येईल. पुण्यातला_लातूरकर, कोनाडा तुमचा.

प्रूफवाला | रविवार, रात्री ११:०५

मला अजूनही वाटतं की नाशिकच्या मुलीला यातून काही कळणार नाही. पण पायानं बाजूला सारणं चांगलं आहे, ते काढू देऊ नका.

जनावरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ११:२०

१९९३च्या मांजरीला दूध-भाकरी चालेल, मिरजला नको.

उद्या जाताना तीन दिवसांचे श्वास, वजन आणि खाल्लेलं लिहून न्या. क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरस बघायला सांगा, रक्तदाब मोजायची सोय असेल तर तोही. पिंजऱ्यात तिचीच वाकळ घाला आणि पिंजरा वरून झाकून न्या, उजेड आणि कुत्री दिसली नाहीत तर ती कमी बिथरते. सलाइनची बाटली उघडून तीन दिवस झालेत, उरलं असेल ते टाकून द्या.